सभापतींची खुर्ची रिकामी होते तेव्हा

गावच्या सरपंचाची जागा रिकामी झाली तर कारभार कोण पाहतो, हे तुम्हाला कुणी शिकवायला नको. नवा सरपंच येईपर्यंत उपसरपंच पाहतो. विकास सोसायटीचा चेअरमन गेला तर व्हाइस चेअरमन सह्या करतो. घरचा कर्ता माणूस अंथरुणाला खिळला तर थोरला मुलगा पुढे होतो, आणि मुलगा लहान असला तर घरची बाई पदर खोचून उभी राहते. वाफसा आला की पेरणी कुणासाठी थांबत नाही.

पण राज्याच्या विधान परिषदेत सभापतींची खुर्ची रिकामी झाली तर? ती कशी रिकामी होते, तिच्यावर कोण बसतो आणि किती दिवस बसतो? हा प्रश्न केवळ पुस्तकातला नाही. ७ जुलै २०२२ पासून १९ डिसेंबर २०२४ पर्यंत, म्हणजे जवळजवळ अडीच वर्षे, आपल्या महाराष्ट्राच्या विधान परिषदेला सभापती नव्हते. अधिवेशने भरली, विधेयके मंजूर झाली, प्रश्नोत्तरे झाली. उपसभापतींनी काम पाहिले. तुम्ही म्हणाल, काम अडले नाही, मग बिघडले कुठे? वाचकहो, तेच आज समजून घेऊ. कारण ही गोष्ट मुंबईतली असली तरी तिचा धडा थेट तुमच्या गावच्या सोसायटीपर्यंत येतो.

हे सभागृह कुणाचे?

पुष्कळांना वाटते की विधान परिषद म्हणजे मोठ्या लोकांची बैठक, तिच्याशी आपला काय संबंध? संबंध आहे, आणि तो चांगला जवळचा आहे.

महाराष्ट्राच्या विधान परिषदेच्या एकूण जागा ७८. त्यांतल्या ३० विधानसभेचे आमदार निवडून देतात. २२ जागा स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आहेत. या जागांसाठी जिल्हा परिषदेचे सदस्य, पंचायत समितीचे सभापती, नगरपालिकांचे नगरसेवक, महापालिकांचे नगरसेवक मत देतात. म्हणजे ज्या जिल्हा परिषद सदस्याला तुम्ही गटातून निवडून दिले, त्याच्या हातून तुमचेच मत या सभागृहापर्यंत पोहोचते. ७ जागा पदवीधरांच्या आणि ७ शिक्षकांच्या. उरलेल्या १२ जणांची नेमणूक राज्यपाल करतात. साहित्य, विज्ञान, कला, समाजसेवा यांचे ज्ञान किंवा अनुभव असलेली माणसे तिथे यावीत, असे राज्यघटना सांगते. त्याच यादीत आणखी एक नाव आहे ते म्हणजे सहकारी चळवळ. दिल्लीच्या राज्यसभेत राष्ट्रपती जे सदस्य नेमतात, त्यांच्या यादीत सहकार नाही. राज्याच्या वरिष्ठ सभागृहासाठी मात्र घटनेने तो मुद्दाम धरला आहे.

आणखी एक आठवण सांगायची तर, १९६० ते १९७८ अशी अठरा वर्षे या सभागृहाचे सभापती होते वि. स. पागे, सांगली जिल्ह्याचे. ज्या रोजगार हमी योजनेने १९७२ च्या दुष्काळात हजारो घरांच्या चुली पेटत ठेवल्या, तिची कल्पना याच पागे यांची. पुढे १९७७ मध्ये तिचा कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला, आणि २००५ मध्ये साऱ्या देशासाठी जो रोजगार हमीचा कायदा झाला त्याचे मूळ इथेच सापडते. खुर्चीवर कोण बसतो याला किती मोल असते, हे यावरून ध्यानात यावे.

बाजरीचे शेत आणि फळबाग

आता या सभागृहाची एक रीत समजून घ्या, म्हणजे पुढचा सगळा गुंता आपोआप सुटेल.

विधानसभा ही बाजरीच्या शेतासारखी आहे. पाच वर्षांनी एकदम काढणी होते, रान मोकळे होते आणि पुन्हा नव्याने पेरणी होते. विधान परिषद ही फळबागेसारखी आहे. ती कधीच एकदम तोडली जात नाही, म्हणजे कायद्याच्या भाषेत ती बरखास्त होत नाही. प्रत्येक सदस्याची मुदत सहा वर्षांची, आणि दर दोन वर्षांनी सुमारे एक तृतीयांश सदस्य निवृत्त होऊन त्यांच्या जागी नवे येतात. जुनी झाडे पाळीपाळीने जातात, नवी लागतात, बाग मात्र उभीच.

गंमत पुढे आहे. विधानसभा बरखास्त झाली तरी तिचे अध्यक्ष लगेच पायउतार होत नाहीत. नव्या विधानसभेची पहिली बैठक भरण्याच्या क्षणापर्यंत ते पदावर राहतात, अशी तरतूद राज्यघटनेच्या १७९ व्या अनुच्छेदात आहे. शेत नांगरून मोकळे झाले तरी राखणदार बांधावर उभा असतो.

परिषदेच्या सभापतींसाठी अशी तरतूद नाही. बाग उभीच असते, मग राखणदाराची वेगळी सोय कशाला, असा विचार घटना लिहिणाऱ्यांनी केला असावा. पण सभापती हेही एक सदस्यच असतात. त्यांची सहा वर्षे भरली की सदस्यत्व संपते आणि सदस्यत्व संपले की सभापतिपदही त्याच दिवशी जाते. मग ते दोन आठवडे आधी पुन्हा निवडून आलेले असोत. जुनी मुदत संपली की जुनी खुर्चीही संपली. नव्या मुदतीत खुर्ची हवी असेल तर सभागृहाने पुन्हा निवड केली पाहिजे.

खुर्ची रिकामी होण्याच्या वाटा

राज्यघटनेचा १८२ वा अनुच्छेद सांगतो की परिषदेने आपल्या सदस्यांमधून एक सभापती आणि एक उपसभापती निवडावा, आणि जेव्हा जेव्हा जागा रिकामी होईल तेव्हा तेव्हा पुन्हा निवडावा. निवड कधी करायची? घटनेचे शब्द आहेत, शक्य तितक्या लवकर. हे तीन शब्द लक्षात ठेवा, त्यांच्याकडे पुन्हा यायचे आहे.

खुर्ची रिकामी होण्याच्या वाटा १८३ व्या अनुच्छेदात दिल्या आहेत. पहिली वाट आपण पाहिली, सदस्यत्व संपणे. दुसरी राजीनाम्याची. इथे एक जुन्या घरातल्यासारखी मर्यादा पाळली आहे. सभापतींनी राजीनामा द्यायचा तो उपसभापतींच्या नावे, आणि उपसभापतींनी द्यायचा तो सभापतींच्या नावे. मुख्यमंत्र्यांच्या किंवा पक्षाच्या नावे नाही. घरचा प्रश्न घरात मिटवावा, तसे.

तिसरी वाट म्हणजे सभागृहाने पदावरून दूर करणे. त्यासाठी चौदा दिवस आधी नोटीस द्यावी लागते, आणि त्या वेळी जितके सदस्य असतील त्या सर्वांचे बहुमत लागते. हजर असलेल्यांचे बहुमत पुरत नाही. सगळ्या ७८ जागा भरलेल्या असतील तर ४० मते हवीत. प्रस्ताव विचारात असताना ज्यांच्याविरुद्ध तो आहे त्यांनी खुर्चीवर बसायचे नाही. त्यांना बोलता येते, इतर सदस्यांबरोबर मतही देता येते, पण मते समसमान झाली तर निर्णायक मत देता येत नाही. वाद आपलाच आणि पंचही आपणच, असे होऊ नये म्हणून ही काळजी.

महाराष्ट्रात हे प्रत्यक्ष घडले आहे. २०१४ च्या निवडणुकीनंतर राज्यात सत्ता बदलली. परिषदेचे सभापती होते काँग्रेसचे शिवाजीराव देशमुख. त्यांच्याविरुद्ध राष्ट्रवादी काँग्रेसने प्रस्ताव आणला, भारतीय जनता पक्षाने त्याला साथ दिली आणि १६ मार्च २०१५ रोजी तो मंजूर झाला. चारच दिवसांनी, २० मार्चला, फलटणचे रामराजे नाईक निंबाळकर सभापती झाले. सभापतींनी काही गैर केले असले पाहिजे, अशी अट घटनेने घातलेली नाही. सभागृहाचा विश्वास उरला नाही, एवढे पुरते. हे कुणाला पटेल, कुणाला पटणार नाही. पण इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. चार दिवसांत खुर्ची भरली गेली.

रिकाम्या खुर्चीवर कोण?

गाडीला बैल कितीही गुणी असले तरी कासरा कुणाच्या तरी हाती असावा लागतो. म्हणून घटनेच्या १८४ व्या अनुच्छेदाने एक उतरंड लावून दिली आहे.

सभापतींचे पद रिकामे असेल तर उपसभापती काम पाहतात. उपसभापतींचेही पद रिकामे असेल तर राज्यपाल परिषदेच्या एखाद्या सदस्याला त्या कामासाठी नेमतात. पद भरलेले आहे, पण सभापती त्या बैठकीला हजर नाहीत, अशा वेळी उपसभापती बसतात. तेही नसतील तर नियमांप्रमाणे ठरलेला सदस्य बसतो, ज्याला आपल्याकडे तालिका सभापती म्हणतात. तोही नसेल तर सभागृह ठरवील तो. म्हणजे एका खाली एक अशी मडकी रचलेली. वरचे काढले की खालचे हाताशी येते.

शेवटच्या मडक्यापर्यंत हात घालायची पाळी शेजारच्या कर्नाटकात आली होती. तिथले बसवराज होरट्टी हे शिक्षक मतदारसंघातून १९८० पासून निवडून येणारे जुने सदस्य आणि सभापती. मे २०२२ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. उपसभापतींची जागाही त्या वेळी रिकामी होती. तेव्हा राज्यपालांनी रघुनाथराव मलकापुरे यांना काम पाहण्यास नेमले. २१ डिसेंबर २०२२ रोजी होरट्टी पुन्हा सभापती म्हणून निवडून आले, तोवर सात महिने तो कारभार चालला.

त्याच कर्नाटकात त्याआधी जे घडले ते मात्र कुणालाही मान खाली घालायला लावणारे. १५ डिसेंबर २०२० चा दिवस. सभापती प्रतापचंद्र शेट्टी यांना हटवण्याची नोटीस दिलेली. एका बाजूचे म्हणणे, नोटीस आली, आता त्यांनी खुर्चीवर बसू नये. दुसऱ्या बाजूचे म्हणणे, प्रस्ताव अजून सभागृहापुढे आलेलाच नाही. या घोळात सभापती येण्यापूर्वीच उपसभापती खुर्चीवर जाऊन बसले, आणि विरुद्ध बाजूच्या सदस्यांनी त्यांना ओढून खाली उतरवले. देशाने ते चित्र पाहिले. पुढे फेब्रुवारी २०२१ मध्ये शेट्टी यांनी राजीनामा दिला. कायद्यात शब्द आहे, प्रस्ताव विचारात असताना. विचारात म्हणजे नेमके केव्हापासून, यावर दोन्हीकडची जाणती माणसे हातघाईवर आली. कायद्यातला एक शब्द सैल राहिला तर काय होते, त्याचा हा नमुना.

तोच माणूस, तोच नियम

आता महाराष्ट्राकडे परत येऊ. रामराजे नाईक निंबाळकर यांची सदस्यत्वाची मुदत जुलै २०१६ मध्ये संपली. ते पुन्हा निवडून आले होते. नियमाप्रमाणे जुने सभापतिपद गेले, पण सभागृहाने त्यांना लगेच पुन्हा सभापती केले. खुर्ची रिकामी झाली हे बाहेर फारसे कुणाला कळलेही नाही.

सहा वर्षांनी, ७ जुलै २०२२ रोजी, त्यांची मुदत पुन्हा संपली. या वेळीही ते जूनमध्येच पुन्हा निवडून आले होते. माणूस तोच, नियम तोच. पण मधल्या काळात राज्यात उलथापालथ झाली होती. ३० जून २०२२ रोजी एकनाथ शिंदे मुख्यमंत्री झाले होते. नवी निवड पुढे गेली ती जातच राहिली. त्यातच जिल्हा परिषदा आणि महापालिका यांच्या निवडणुका लांबल्याने स्थानिक संस्थांच्या कित्येक जागा भरता येत नव्हत्या, आणि राज्यपालांनी नेमायच्या १२ जागांचा वादही न्यायालयात अडकला होता. बागेत खड्डे पडलेले आणि राखणदार नाही, अशी स्थिती.

या साऱ्या काळात उपसभापती डॉ. नीलम गोऱ्हे यांनी काम पाहिले. त्यांच्या स्वतःच्या बाबतीतही हाच नियम एकदा लागू झाला होता. जून २०१९ मध्ये त्या उपसभापती झाल्या, एप्रिल २०२० मध्ये त्यांची सदस्यत्वाची मुदत संपली तसे पद गेले. मे महिन्यात त्या पुन्हा निवडून आल्या आणि ८ सप्टेंबर २०२० रोजी पुन्हा उपसभापती झाल्या. अखेर १९ डिसेंबर २०२४ रोजी नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात कर्जत-जामखेड भागातील राम शिंदे यांची सभापती म्हणून बिनविरोध निवड झाली. ते २०२२ मध्ये सहा वर्षांसाठी परिषदेवर निवडून आलेले. म्हणजे पुन्हा निवडून आले तरी जुलै २०२८ मध्ये हाच नियम त्यांच्याही दारात उभा राहील.

काम चालले, मग बिघडले काय?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. उपसभापती काम पाहत होते, तर हरकत काय?

पहिली गोष्ट, या खुर्चीचे काम केवळ शांत बसा म्हणण्याचे नाही. कोणती लक्षवेधी सूचना घ्यायची, कोणता प्रश्न दाखल करून घ्यायचा, कुणाला बोलायला वेळ द्यायचा, हे ती खुर्ची ठरवते. गारपिटीने द्राक्षबागा गेल्या आणि तुमच्या भागातल्या आमदाराने तो विषय मांडायचे ठरवले, तर तो आज येतो की अधिवेशन संपेपर्यंत मागेच राहतो, हे पुष्कळदा तिच्यावर असते. मते समसमान पडली तर निर्णायक मत तिचे. विरोधी पक्षनेता कोण, याला मान्यता तिची. त्या नेत्याचे पदही सदस्यत्वालाच बांधलेले असते. ऑगस्ट २०२५ मध्ये अंबादास दानवे यांची सदस्यत्वाची मुदत संपली, त्याबरोबर त्यांचे विरोधी पक्षनेतेपदही संपले.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. १९८५ मध्ये घटनेला दहावे परिशिष्ट जोडले गेले. पक्ष सोडणारा सदस्य अपात्र ठरतो की नाही, याचा निवाडा त्यामुळे सभापतींच्या हाती आला. आता कल्पना करा, सभापती नाहीत, उपसभापती काम पाहत आहेत, आणि तक्रार त्यांच्याच विरुद्ध आली. निवाडा कुणी करायचा? ७ जुलै २०२३ रोजी नीलम गोऱ्हे यांनी एकनाथ शिंदे यांच्या शिवसेनेत प्रवेश केला, तेव्हा विरोधकांनी नेमका हाच प्रश्न उभा केला आणि त्यांनी खुर्चीवर बसण्यास आक्षेप घेतला. सरकार पक्षाने तो मानला नाही. कोण बरोबर, कोण चूक, यात आपल्याला पडायचे नाही. परंतु सभापतींची जागा भरलेली असती तर हा पेच निदान इतका अवघड झाला नसता, एवढे कुणीही मान्य करील.

असाच पेच खालच्या सभागृहातही पडला होता. फेब्रुवारी २०२१ मध्ये नाना पटोले यांनी विधानसभेचे अध्यक्षपद सोडले. जुलै २०२२ पर्यंत ती जागा भरली गेली नाही, उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ काम पाहत होते. जून २०२२ मध्ये शिवसेनेत फूट पडली. झिरवाळ यांनी १६ आमदारांना अपात्रतेच्या नोटिसा काढल्या, आणि त्यांनाच पदावरून हटवण्याची नोटीस समोरच्या बाजूने दिली. ज्याला हटवण्याची नोटीस आहे त्याने दुसऱ्याला अपात्र ठरवावे का, हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि ११ मे २०२३ च्या निकालात पाच न्यायमूर्तींनी तो प्रश्न सात न्यायमूर्तींच्या मोठ्या पीठाकडे सोपवला. सरकार कुणाचे, हे ज्या दिवसांत ठरत होते त्याच दिवसांत मुख्य खुर्ची रिकामी होती.

तात्पुरता माणूस कितीही चांगला असो, त्याच्या पायाखाली पक्की जमीन नसते. त्याच्या निर्णयाकडे लोक संशयाने पाहतात आणि त्यालाही हात आखडून काम करावे लागते. तुमच्या सोसायटीत वर्षभर प्रभारी सचिव असला की काय होते, ते आठवा.

तारीख कुठे लिहिली आहे?

आता त्या तीन शब्दांकडे येऊ. शक्य तितक्या लवकर.

राष्ट्रपतींचे पद मृत्यूने, राजीनाम्याने किंवा अन्य कारणाने मध्येच रिकामे झाले तर घटना काय म्हणते? तिथेही शक्य तितक्या लवकर असेच म्हटले आहे, पण पुढे जोडले आहे की कोणत्याही परिस्थितीत सहा महिन्यांच्या आत निवडणूक झालीच पाहिजे. आमदाराची किंवा खासदाराची जागा रिकामी झाली तर पोटनिवडणुकीसाठीही कायद्याने सर्वसाधारणपणे सहा महिन्यांची मुदत घातली आहे. सभापतींच्या बाबतीत मात्र शक्य तितक्या लवकर म्हणून वाक्य संपते. पुढे तारीख नाही, महिने नाहीत, आणि उशीर झाला तर पुढे काय, तेही नाही.

१९४९ साली ज्यांनी हे लिहिले, त्यांना वाटले असेल की जाणत्या माणसांना एवढे पुरे. कर्त्या घरात कुणी तारीख लिहून ठेवत नाही. पण सोय होते तिथे हेच शब्द रबरासारखे ताणले जातात. २०१५ मध्ये ते चार दिवसांचे होते, २०२२ मध्ये ते अडीच वर्षांचे झाले. दिल्लीतही तेच. २०१९ ते २०२४ या लोकसभेच्या पूर्ण मुदतीत उपाध्यक्ष निवडलाच गेला नाही. तिथेही घटनेचे शब्द हेच आहेत. हा एका पक्षाचा दोष नाही. ज्याच्या हाती त्या वेळी बहुमत असते, त्याला सबुरी सोयीची वाटते.

म्हणून या सगळ्यातून एकच गोष्ट उचलून घ्यावीशी वाटते. नंतर कोण, हे नियमात लिहिलेले असते. कधीपर्यंत, हे लिहिलेले नसेल तर तो नियम अर्धाच. उतरंड लावली, पण किती दिवसांत घट भरायचा हे सांगितले नाही, तर पाहुणा तहानलेलाच बसतो.

तुम्ही काय करू शकता?

घटना बदलणे तुमच्या-आमच्या एकट्याच्या हातचे नाही. पण काही गोष्टी हातच्या आहेत.

तुमच्या गटातला जिल्हा परिषद सदस्य परिषदेच्या निवडणुकीत मत देतो. तो मते मागायला दारी येईल तेव्हा त्याला विचारा, बाबा, आमच्या वतीने तू तिकडे कुणाला मत देणार आणि का? हा प्रश्न गावोगाव विचारला गेला तर त्याचे उत्तर तयार ठेवावे लागेल.

घरात पदवीधर मुलगा, मुलगी, सून असेल तर त्यांचे नाव पदवीधर मतदारसंघाच्या यादीत घाला. पदवी मिळून तीन वर्षे झालेली असावी लागतात. ही यादी दर निवडणुकीला नव्याने तयार होते, म्हणजे मागच्या वेळी नाव होते म्हणून या वेळी असेलच असे नाही. त्यासाठी नमुना १८ चा अर्ज असतो, शिक्षकांसाठी नमुना १९ चा. तहसील कचेरीत चौकशी करावी. विधानसभेच्या यादीत नाव आहे म्हणून इथेही आहे, असे समजून पुष्कळ शिकलेली मुले घरीच बसतात.

आणि सर्वात जवळचे काम. आपली विकास सोसायटी, दूध संस्था, पाणीवापर संस्था, महिला बचत गट, देवस्थानची कमिटी, जिथे तुम्ही सभासद आहात तिथले उपविधी एकदा मागून वाचा. अध्यक्षाची जागा रिकामी झाली तर कोण काम पाहील, हे तिथे बहुधा सापडेल. किती दिवसांत नवी निवड झाली पाहिजे, हे सापडते का ते पाहा. नसेल तर येत्या वार्षिक सभेत हात वर करून विचारा, आणि दिवस किती ते लिहून घ्यायला लावा. तीस म्हणा, साठ म्हणा, पण आकडा घालायला लावा. बचत गटातल्या बायका एका बैठकीत हे ठरवू शकतात. त्याला मुंबईला जावे लागत नाही.

शेताची वाटणी करताना शहाणा बाप नुसते दोघे भाऊ गोडीने वागा म्हणून थांबत नाही. विहिरीचे पाणी कुणी कोणत्या वारी घ्यायचे, ते पाटावरच ठरवून देतो. गोडी आहे तेव्हाच हे ठरवायचे असते. भांडण लागल्यावर वार ठरवायला बसले, तर तोवर पीक वाळलेले असते.